बाटलीचं रबर

मी स्वयंपाकाला जाते त्या घरी सोमवारपासून तेलाच्या बाटलीला एक लाल रबर लावलेलं आहे, अगदी तेलाच्या पातळीवर. कोथिंबिरीच्या जुडीला असतं तसलंच. विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "अगं, डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलंय. किती लागतं ते कळायला नको का?" मी मान हलवली.

पण असल्या युक्त्या मला ठाऊक आहेत. माझी आई डब्यातलं पीठ सपाट करून त्यावर पंजा उठवून ठेवायची. काकूने गुपचूप पीठ काढलं की पंजा मोडायचा. आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. मनात संशय आला की हाताला आपोआप सुचतं, आणि घरातली साधी वस्तूही पहाऱ्याला बसते.

सोमवारपासून माझा हात आखडलाय. भाजी कोरडी होते. एकदा चोरटी म्हणून नाव पडलं, तर दुसऱ्या कुणाच्या दारात उभी राहू?

आज फोडणी दिल्यावर मीच रबर खाली सरकवलं. वहिनी दारातच होत्या.

"राहू दे गं, ते मी करते," त्या घाईने म्हणाल्या.

रबर तेल मोजायलाच असतं, तर ते माझ्या हाताने सरकलं म्हणून काय बिघडलं असतं?