चंद्राबाईच्या टपातलं कमळ

आमच्या पासली गावात कुणाच्या पोरीची हळद ठरली, की तिची आई भटजींच्या आधी चंद्राबाईकडे जायची. गावतळ्यातल्या कमळाच्या पाकळ्या सावलीत सुकवून, सायीबरोबर पाट्यावर वाटून चंद्राबाई नवरीसाठी उटणं करायची. उन्हात वाळवल्या तर रंग उडतो, वास जातो, हे तिचं ठाम मत. कुणाच्या डोळ्यांची आग झाली, तर पापणीवर ओली पाकळी ठेवायची. माझ्याही तोंडाला तिनं ते उटणं लावलं होतं. नवऱ्याला काडीचा फरक दिसला नाही, ते सोडा. मी मात्र त्या वासानं दिवसभर तळ्यात तरंगत होते.

यंदा माघात मशीन लावून तळ्यातला गाळ काढला आणि गाळाबरोबर कमळंही गेली. चंद्राबाईनं चिखलातून एक कंद हुडकला. नात वैष्णवीचं लग्न वैशाखात होतं. गावभरच्या पोरींना उटणं लावलं आणि घरच्याच पोरीला नाही, हे तिला सोसवेना. तिनं प्लास्टिकच्या टपात कंद लावला आणि टप पडवीच्या गार सावलीत ठेवला. पानं आली, पण कळी काही येईना. म्हातारी टपाशी बसून पाण्यात बघत राहायची. बघता बघता डोळा लागायचा आणि झोपेत तिला अख्खं तळं फुललेलं दिसायचं.

"आजी, लई लाड करतीस. त्याला ऊन पायजे," वैष्णवी एकदा म्हणाली.

"रंग उडंल त्येचा."

"त्ये वाळवताना. ह्ये जितं हाय." तिनं टप अंगणात ओढला.

हळदीच्या सकाळी त्यात एक फूल उमललं. एकच. ओल्याच पाकळ्या वाटायच्या म्हणून चंद्राबाईनं पाटा धुऊन ठेवला होता. पण देठाला लागलेला तिचा हात तिथंच थांबला. सगळ्या तळ्याचं एवढंच उरलं होतं.

"तोडू नगंस," वैष्णवी म्हणाली. तिनं टपातलं ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं. "झालं माझं उटणं."

चंद्राबाईला रडू फुटलं. नातीचं तोंड पुसायला उचललेला पदर तिनं स्वतःच्याच डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी रुखवतात, पापड-कुरडयांच्या शेजारी, तिनं स्वतः तो टप मांडला. सासरी, कामथडीला निघताना वैष्णवीनं तो गाडीत पायाशी घेतला. गाडी हलली तशी म्हातारी चार पावलं मागं धावली.

"पोरी, उनात ठेव गं त्येला!" ती ओरडली. "सावलीत नगं!"