संपलेल्या पेटंटची पितळी पट्टी

चंपतराव नागपूरच्या कोष्टीपुऱ्यात हातमागावर लुगडी विणायचा. विणलेलं कापड गुंडाळायला सारखा हात थांबवावा लागे आणि दर वेळी ताण बदलून पोत बिघडे. त्यावर त्यानं सागाचं एक दातेरी चाक आणि लोखंडी खिटी बसवली. आडवा धागा ठोकायला फणी मारली की चाक एक दात पुढं सरके आणि कापड आपसूक गुंडाळलं जाई. १९४९ साली तो त्याचं पेटंट घ्यायला शहरातल्याच महाल भागातल्या एका वकिलांकडे गेला.

"हे कोणाला दाखवलंय?" वकिलांनी विचारलं.

"घरच्यांशिवाय कोनाले नाही."

"दाखवूही नका. अर्ज कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत जाण्याआधी चारचौघांत वापरलं, तर ते नवं राहत नाही. आणि तुमचं नेमकं काय, तेवढंच मागायचं. माग तुमचा नाही, चाकही तुमचं नाही. फणीच्या धक्क्यानं चाक फिरवायची ही जोडणी तुमची."

पेटंट मिळालं. मुदत सोळा वर्षांची, पण चौथं वर्ष संपायच्या आत फी भरायची आणि पुढं दरवर्षी, असं वकिलांनी बजावलं. चंपतरावनं मान डोलावली. त्याचं सगळं लक्ष कागदावरच्या आपल्या नावाकडे होतं.

त्यानं लकडगंजात या चाकांचा कारखाना टाकला. प्रत्येक चाकावर 'पेटंट' कोरलेली पितळी पट्टी ठोकायचा. लोक त्याला पेटंटवाले म्हणू लागले आणि त्याला ते आवडू लागलं. फी मात्र विसरली ती विसरलीच. पुढं वकील सहज भेटले, तेव्हा कळलं की पेटंट संपलंय.

"अजून अर्ज करून जिवंत करता येईल," वकील म्हणाले. "चूक का झाली, ते खरं लिहून द्यावं लागेल."

'विसरलो' एवढं लिहायचं होतं. पेटंटवाल्या चंपतरावला ते लिहायची लाज वाटली. आज-उद्या करता करता तीही मुदत गेली. त्यानं घरी सांगितलं नाही. पट्ट्या ठोकणं चालूच राहिलं.

मग कळलं, उमरेडचा नानाजी सुतार तशीच चाकं बनवतोय. चंपतराव तडक उमरेडला गेला. नानाजीच्या बायकोनं, मैनाबाईनं, पाहुणा म्हणून चहा ठेवला. चंपतराव अंगणात उभ्यानंच म्हणाला, "हे माझं पेटंट हाय. केस केली तर घर जाईन तुमचं."

नानाजीचा चेहरा उतरला. "मले माहीत नव्हतं, भाऊ," तो म्हणाला. त्यानं लाकूड तासायचा वासला घेतला आणि तयार चाकं एकेक करून फोडली. चंपतराव पाहत राहिला. मैनाबाईनं चहा पुढं केला. तो त्यानं घेतला.

त्यानंतर त्याला कारखान्यात बसवेना. कोणी पेटंटवाले म्हटलं की तो खाली पाही. शेवटी एकदा जेवता जेवता त्यानं बायकोला, पंचफुलाला, सगळं सांगितलं.

तिनं त्याच्या ताटात भाकर वाढली आणि म्हणाली, "मले काहून सांगता? ज्याचं मोडलं त्याले सांगा ना."

तो पुन्हा उमरेडला गेला. नानाजी आता बैलगाड्यांची कामं करत होता.

"पेटंट तवाच संपलं होतं," चंपतराव म्हणाला. "मले ठाऊक होतं. तुमी चाकं बनवू शकत होते."

नानाजीनं हातातलं काम खाली ठेवलं. "म्हणजे मी फोडून राहिलो होतो, तवा तुमी समजून उमजून उभे होते?"

"हो."

"बरं," नानाजी म्हणाला आणि परत कामाला लागला. नुकसानभरपाई म्हणून चंपतरावनं नेलेल्या सागाच्या फळ्या त्यानं गाडीतून उतरवू दिल्या नाहीत.

चंपतरावनं पट्ट्या ठोकणं बंद केलं. गिऱ्हाइकानं विचारलं, तर पेटंट संपलंय, कोणाकडूनही बनवून घ्या, असं तो सांगे. सांगताना दर वेळी त्याचे कान तापत. पुढं उमरेडच्या दुसऱ्या सुतारांनी चाकं बनवायला घेतली. नानाजीनं मागाच्या कामाला पुन्हा हात लावला नाही. बाजारात समोरासमोर आले की तो चंपतरावला रामराम करी, आणि चंपतरावला त्याला उत्तर देताना मान वर करता येत नसे.