आक्कानं दिलेलं आजोळ

आक्कासारखं खोटं बोलणारं माणूस मी अजून बघितलं नाही. पापणी न हलवता, भाकरी थापता थापता बोलायची, आणि भाकरीचा गोल जरासुद्धा बिघडायचा नाही! आक्का म्हणजे पप्पांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून माहेरीच, कुंभार पिंपळगावला. आणि तिचं सगळ्यात मोठं खोटं म्हणजे माझी आई.

आई अंबडची, मुसलमानाची. नाव शबाना. जालन्यात एका कापडाच्या दुकानात पप्पा आणि ती दोघं कामाला होती. तिथंच जमलं, कोर्टात लग्न केलं. आजोबा म्हणाले, घरात पाय ठेवायचा नाही. वर्षभरानं आक्कानं गावात जाहीर करून टाकलं, की आमची भावजय उदगीरकडची, नाव शोभा, आईबाप नाहीत बिचारीला. झालं! आजोबांनी ऐकून घेतलं, आणि शोभा होऊन आई पिंपळगावच्या चुलीपाशी बसली. राहणं जालन्यालाच, पण सणासुदीला पिंपळगाव.

तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं हो. पण आक्काला खोट्यातसुद्धा बारकावे लागायचे! कुणी विचारलं, "पोरीचा मामा काय करतो?" की आक्का लगेच, "कंडक्टर हाय. सुट्टीच भेटंना बघा त्याला." पुढच्या वर्षी त्या मामाला पोरगा झाला. मग त्याची बदली झाली. मी आठवीत असताना आक्का मला कोपऱ्यात घेऊन त्या पोराचं नाव पाठ करून घेत होती आणि मला रडू फुटत होतं. कारण माझा खराखुरा मामा अंबडला होता, मला सायकल शिकवणारा, आणि त्याचं नाव काढायची या घरात चोरी!

बरं, आईबद्दल तिच्या मनात काही असतं तर रागवायला तरी सोपं गेलं असतं. पण नव्हतंच! उन्हाळ्यात शेवया केल्या की एक डबा बाजूला काढायची, "शोभाच्या ईदला." आई आजारी पडली तेव्हा महिनाभर आमच्याकडं जालन्याला येऊन राहिली, रोज तिची वेणी घातली. नानी, म्हणजे आईची आई, भेटायला आली तर दोघी एका पलंगावर बसून गुडघ्यांच्या तक्रारी करत बसायच्या. नानी म्हणायची, "आक्का, तुम मेरी बच्ची को बिगाड दिए." आणि दोघी हसायच्या.

मी चिडून विचारायचे, "मग बाहेर खरं सांगत का नाहीस?" तर एकच उत्तर. "गुड्डी, समद्यांला बसायला जागा झाली. तू कशाला सतरंजी ओढू राह्यली?"

दोन वर्षांपूर्वी तीर्थपुरीचे पाहुणे मला बघायला पिंपळगावला आले. मुलगा चांगला होता, खरंच! मला आवडलाही होता. म्हणूनच त्याच्या घरात शोभाची मुलगी म्हणून जायचं नव्हतं मला. त्याच्या आत्यानं पोह्याची बशी हातात घेत विचारलं, "मामाकडचे कोण येणार साखरपुड्याला?" आक्का तोंड उघडणार तेवढ्यात मी बोलून टाकलं, "मामा अंबडला असतात. आईचं माहेर मुसलमानाचं आहे."

कुणी दचकलंच नाही! हे अजून माझ्या डोक्यातून जात नाही. आत्याबाईंनी बशी खाली ठेवली आणि आक्काला म्हणाल्या, "आम्हाला काय म्हाईत न्हाई का, बाई? समद्या तालुक्याला म्हाईत हाय. पण तोंडानं कुणी म्हणलं नव्हतं. आता पोरीनंच म्हणलं, मंग आम्हालाबी काहीतरी म्हणावं लागंल ना." आणि पाहुणे उठले. मुलगा चप्पल घालत होता, त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. म्हणजे इतकी वर्षं मी कुणापासून काय लपवत होते?

आक्का ओरडली नाही. बशा गोळा करत म्हणाली, "खरं बोललीस, बरं केलंस. आता जन्मभर खरंच बोल. जमतंय का बघ."

"जमेल!" मी तडकून म्हटलं, बॅग उचलली आणि बस धरली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. आईला मात्र रोज फोन! मी आईवर चिडायचे, अगं, तुझ्यासाठी भांडले ना मी! आई म्हणायची, "मैं कब बोली लड म्हणून? त्या घरात मला आधी कुणी बोलवलं, माहितीये तुला?"

गेल्या दिवाळीनंतर आक्का गेली. झटका आला, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आता मी पुण्यात नोकरी करते. खोली बघायला गेले, तर मालकीणबाईंनी आत बसवून चहा दिला. गोड होत्या. "आई कुठली गं तुझी?"

"अंबडची," मी म्हणाले.

"अय्या, म्हणजे देवीच्या गावची!"

मी मान हलवली. खोली मिळाली मला.