तांदळात लिहिलेलं नाव

आमच्या थोरल्या वहिनींइतकं संतापी माणूस उभ्या जयपुरात नाही, आणि तो संताप आम्हा घरच्यांइतका कुणी चुकीचा समजलेला नाही. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहू का, असं विचारलं तर म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत कधी तोंडातून काढलं नाहीत, आता छापून काय करता?" तेव्हा नुसत्या वहिनी. माझे मोठे भाऊ सैन्यात डॉक्टर होते. बदली होऊन जयपूरला आले, मानसरोवर कॉलनीत घर बांधून इथलेच झाले, आणि त्यांच्यामागून मीही इथल्या एका कॉलेजात शिकवायला आलो. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. आता खाली वहिनी आणि त्यांच्या मुलाचं कुटुंब, वर मी, आणि मध्ये एक जिना. त्या जिन्याने वहिनींचा आवाज केव्हाही वर येऊ शकतो.

वहिनी महागाईवर रागावत नाहीत, सुनेच्या स्वयंपाकावर रागावत नाहीत. ऐन जूनमध्ये वीज गेली तरी पुठ्ठ्याने वारा घेत शांत बसतात. पण कुणी त्यांना न विचारता काही म्हटलं, की संपलं. भाजीवाला एकदा प्रेमाने म्हणाला, "माताजी, भिंडी एकदम ताज़ी है." वहिनी फाटकातूनच गरजल्या, "तेरी माता होती तो तू तराज़ू पर अँगूठा रखता?" तेव्हापासून तो बिचारा आमच्या घरासमोर नुसता "भिंडी!" असं ओरडतो, कुणाला उद्देशून, ते सांगत नाही. सव्वीस जानेवारीला कॉलनीच्या सभेत अध्यक्षांनी त्यांना "मिसेस कर्नल साहब" म्हणून मंचावर बोलावलं. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. "कर्नल साहब तो गए. मैं बची हूँ. बुलाना हो तो मुझे बुलाइए." त्या दिवशी ध्वजवंदन अर्धा तास लांबलं.

वहिनी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या बायका आजही सी-स्कीम भागातल्या दुकानात त्यांना पाहून पाठीचा कणा ताठ करतात. 'कॉल' या एवढ्याशा क्रियापदावर त्या आठवडाभर तास घ्यायच्या. हाक मारणं, बोलावणं, फोन करणं, नाव देणं, शिव्या देणं, सगळं सांगून झालं की फळ्यावर एक वाक्य लिहायचं, 'दे कॉल हर मॅड', आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला उभं करायचं. "ये 'दे' कौन हैं? नाम बताओ." मुलगी रडकुंडीला यायची. वाक्यात नावं नसतातच, मग ती कुठून आणणार? "यही तो! लोग बोलते हैं, लोग बोलते हैं. कभी किसी 'लोग' का चेहरा देखा है?"

मी पाहिला आहे. आमच्या घरातल्या 'लोकां'ची नावं मला पाठ आहेत, आणि त्यांत माझंही आहे. आमच्या नात्यात कुठेही पंगत बसली की अजून ती गोष्ट निघते: लग्नाच्या दिवशी हिने तांदळाचं ताट उधळलं, अन्न पायदळी तुडवलं, तेव्हाच कळलं की डोक्यात काहीतरी आहे. लोक हसतात आणि वाढप्याला जिलेबी मागतात. हे वर्षानुवर्षं ऐकून माझंच डोकं आता फिरायची वेळ आली आहे, म्हणून एकदा लिहून टाकतो. मी साताऱ्याच्या त्या मांडवात ताटापासून हातभर अंतरावर बसलो होतो. दादांनी सोन्याच्या अंगठीने तांदळात नवं नाव लिहिलं. आमच्या आत्याने निवडलेलं, नाजूक, तेव्हाच्या फॅशनचं. वहिनींनी ते वाचलं आणि हळूच विचारलं, "छान आहे. पण ही कोण?" मग तळहाताने तांदूळ सारखे केले आणि बोटाने आपलं माहेरचं नाव लिहिलं. एवढंच. ताट उलटलं ते आमच्या काकांमुळे. "हा काय चावटपणा!" म्हणत ते ताडकन उठले आणि त्यांचा गुडघा लागला. सगळ्यांनी पाहिलं. काका मोठे, रागीट, घर त्यांच्या शब्दावर चालायचं. दोष द्यायला नवी सून सोयीची होती. दादा गप्प बसले, मी गप्प बसलो. त्यानंतर घरात सगळे तिला नव्या नावाने हाका मारत राहिले, आणि ती एकाही हाकेला ओ देत नव्हती. म्हणे, बहिरीही आहे.

या हिवाळ्यात वहिनींच्या नातीचं लग्न झालं. नातीचं नाव वहिनींनीच ठेवलेलं, गोदावरी. व्याही नाशिकचे, हौशी. "ताटात नाव लिहायचं ना? फोटो छान येतात," असं त्यांनी विचारलं आणि माझा पुतण्या घामाघूम झाला. "काका, तुम्ही आईशेजारी बसा. मतलब... हात धरूनच बसा." मी बसलो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पहाऱ्याला बसवलंय का तुम्हाला?"

ताट आलं. वहिनी उठल्या. मी हात धरला, तो त्यांनी झटकला. सगळा मांडव थबकला. त्या थेट नातीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुला हे हवंय? तू हो म्हणालीस?"

"हो आजी," पोर चाचरत म्हणाली. "मीच बोलली त्यांना. स्कूलमध्ये सगळे मला गोदाम म्हणायचे. मला मीरा पाहिजे. तू नाराज होशील म्हणून मी... सांगितला नाही."

वहिनींचा चेहरा क्षणभर असा झाला की मला ताटाची नव्हे, त्यांची काळजी वाटली. मग त्या खाली बसल्या, दोन्ही हातांनी ताट धरलं आणि नातजावयावर खेकसल्या, "लिहा. आणि वेलांटी नीट काढा."

जेवणाच्या वेळी साताऱ्याच्या एका चुलत भावाने ती जुनी गोष्ट सुरू केलीच. मी पानावरून उठलो आणि काकांचं नाव घेऊन, गुडघ्यासकट, खरं काय ते सांगितलं. आवाज चढला असावा, कारण शेजारच्या पंगतीतले मारवाडी पाहुणेही थांबले. कुणी हसलं नाही. कुणी जिलेबीही मागितली नाही.

वहिनी दाराजवळच्या खुर्चीवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. त्या म्हणाल्या, "ऐकलं मी. फार उशीर केलात." मी मान खाली घातली. "आणि खरं सांगू का भाऊजी, माझं नाव मलाही कधी आवडलं नव्हतं. कुणाच्या तरी आजेसासूचं उचलून ठेवलेलं. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं ना, तर मीसुद्धा बदललं असतं."

आत सनई लावली होती. नव्या नावाने कुणीतरी नातीला हाक मारली, आणि ती लगेच "आले!" म्हणाली. वहिनी तिकडे पाहत राहिल्या.

मी विचारलं, "मग मी तुम्हाला काय म्हणू?"

त्यांनी खूप विचार केला. इतका, की मला वाटलं आता एखादं नाव येणार, आयुष्यभर कुणाला न सांगितलेलं.

"वहिनीच म्हणा," त्या म्हणाल्या. मग शाल सावरत, हळू आवाजात, "म्हणून दाखवा बघू."