तिची कव्हरस्लिप, माझा अंगठा

नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला महिन्याला माणशी दोन कव्हरस्लिप मिळत. स्लाइडवरच्या नमुन्यावर झाकायची ती नखाएवढी पातळ काच. प्रयोगशाळेतले मामा मोजून हातावर ठेवायचे आणि बजावायचे, "दोन म्हंजे दोनच. फुटली तर तिसरी माझ्या चष्म्यातून काढून दिऊ का?" मी त्या दोन धुऊन, ओढणीच्या टोकानं पुसून महिनाभर पुरवायची.

माझ्या शेजारी लातूरची एक मुलगी बसायची. वडील डॉक्टर. तिच्याकडं कव्हरस्लिपची अख्खी डबी होती. एक फुटली की दुसरी, दुसरी फुटली की तिसरी. मला तिच्या डबीचा हेवा वाटायचा, तिच्या पांढऱ्याशुभ्र एप्रनचा वाटायचा, आणि सरांना ती न घाबरता शंका विचारायची त्याचा तर लईच वाटायचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शंका विचारली तर अडाणी दिसू, या धाकानं मी गप्प राहायची.

एक गोष्ट मात्र तिला जमत नव्हती. कांद्याच्या मुळाचं टोक रंगात बुडवून स्लाइडवर घ्यायचं, सुईच्या आधारानं कव्हरस्लिप तिरकी टेकवत अलगद सोडायची, वर टिपकागद ठेवायचा आणि अंगठ्यानं सरळ खाली दाबायचं. जोर कमी पडला तर पेशी एकमेकींवर चढून बसतात, जास्त झाला तर काच फुटते, आणि अंगठा जरा बाजूला सरकला तर पेशी लोळतात. मला ते पहिल्याच दिवशी आलं. लोह्याजवळच्या आमच्या गावी बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा मी लहानपणापासून फोडल्यात. टरफल फुटावं पण दाण्याचं साल निघू नये, एवढाच जोर द्यायचा. साल निघालेला दाणा पेरायला चालत नाही.

"ए, दाबून दे ना गं," ती दर वेळी म्हणायची. मी दाबून द्यायची.

मग एके दिवशी सरांनी सांगितलं, आजची सगळ्यात चांगली स्लाइड कायमची करून विभागाच्या पेटीत ठेवायची, वर करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावून. आमच्या घरातल्या कुणाचं नाव कॉलेजात कुठं लागलेलं नव्हतं. माझी स्लाइड चांगली झाली होती. पण तिनं टोक अगदी नेमकं कापलं होतं, रंगही माझ्यापेक्षा छान चढला होता. आणि तिनं नेहमीसारखी स्लाइड माझ्याकडं सरकवली. "दाब ना."

मी अंगठा ठेवला. सरळ दाबला. उचलायच्या आधी केसभर बाजूला सरकवला.

बास, तेवढंच लागतं. सरांनी तिची स्लाइड पाहिली आणि म्हणाले, "काय हे? पेशी लोळवल्यात की सगळ्या!" माझी पाहून मान डोलावली. चिठ्ठीवर माझं नाव आलं.

ती रुसेल, निदान संशय घेईल, असं वाटलं होतं. तर ती म्हणाली, "तू दाबूनसुद्धा बिघडली म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. मला नीट शिकव ना."

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण अभिमानी माणसाला माफी मागण्यापेक्षा काम करणं सोपं जातं. मी तिचा अंगठा धरला आणि शिकवलं, हातचं काही न राखता. तिनं त्या दुपारी डबीतल्या सात काचा फोडल्या. आठवी टिकली.

पुढच्या आठवड्यात तिची स्लाइड माझ्यापेक्षा सरस निघाली. सर म्हणाले, "वा!" ती माझ्याकडं बोट दाखवून सगळ्यांसमोर म्हणाली, "हिनं शिकवलं."

मी हसले. आतून इतकी जळत होते की पुढचा तासभर सूक्ष्मदर्शकातून मला काहीच दिसलं नाही.