कमी हवेवर रोह्याकडे

त्या पावसाळ्यात माझी पोस्टिंग पुण्याजवळच्या, फौजेच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत होती. मी हवालदार, एमटी सेक्शनचा. एमटी म्हणजे गाड्या. पूरमदतीसाठी कॉलम, म्हणजे गाड्यांसकट तुकडी, तयार ठेवण्याचा हुकूम दर पावसाळ्यात येतो आणि बहुतेक वर्षी गाड्या लाइनीतच उभ्या राहतात. त्या वर्षी मूव्ह ऑर्डर आली. तिच्यात नागोठण्याचं नाव होतं. कॅप्टनसाहेबांनी मला बोलावून घेतलं.

"हवालदार म्हात्रे, ये आपका इलाका है?"

"जी साहब. घर जिते में है, पेण के पास."

"फिर लीड गाड़ी आपकी."

जित्याला घरी फोन लावून पाहिला. लागला नाही. मग गाड्या बघायला गेलो.

बोट आणि इंजिनियर्सची पार्टी एका मोठ्या गाडीत होती. बाकी दोन हलके ट्रक, फौजेच्या बोलीत अडीच टनी. एक माझा, दुसरा लान्स नाईक भंवरसिंगचा. भंवर जैसलमेरकडचा. आधीच्या युनिटपासून माझ्या हाताखाली होता. अंगाने किरकोळ, बोलायला कमी. अर्ध्या मगात दाढी उरकायचा आणि कुणाचा नळ ठिबकताना दिसला की उठून बंद करायचा. घाट उतरून आम्ही कोकणात आलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातशेती दिसतच नव्हती, नुसतं पाणी. एका हॉल्टवर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"उस्ताद, ये सारा पानी जाता कहाँ है?"

"खाडी में."

"और कोई रोकता नहीं?"

मी हसलो. तो हसला नाही. त्याला खरंच विचारायचं होतं.

आता हवेचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गाडीच्या दाराच्या आत एक प्लेट असते. पुढच्या-मागच्या चाकांत किती हवा हवी ते तिच्यावर लिहिलेलं असतं, पक्क्या रस्त्यासाठी आणि भरलेल्या गाडीसाठी. आमच्या ट्रकला पुढे पन्नास, मागे पासष्ट. हवा मोजायची ती टायर थंड असताना, गाडी निघण्याआधी. चालून तापलेल्या टायरात आकडा चढतो. तो पाहून कुणी हवा सोडली, की थंड झाल्यावर टायरात हवा कमी पडते. वाळूत आणि मऊ गाळात मात्र मुद्दाम हवा उतरवतात. टायर पसरतो, वजन वाटलं जातं, गाडी रुतत नाही. पण तोच टायर पक्क्या रस्त्यावर पळवला तर त्याच्या भिंती दुमडत राहतात, आतून तापतात, आणि एखाद्या वळणावर टायर रिमवरून निसटतो. म्हणून गाळ संपला की थांबायचं, हवा भरायची, मग वेग घ्यायचा.

नागोठण्याच्या खालच्या अंगाला आंबा नदी खाडीला मिळते. तिथे खाऱ्या पाण्यापासून शेती राखायला मातीचे बांध घातलेले आहेत. अशाच एका बांधाच्या टोकाला एक वाडी होती. वाडीची माणसं शाळेच्या गच्चीवर अडकली होती. बोट उतरवून मोठी गाडी दुसरी बोट आणायला परत गेली होती. बांधावरून ट्रक जेमतेम मावेल एवढा रस्ता, त्यावर गाळ. भंवरने गाळात बूट दाबून पाहिला.

"रेत जैसा नहीं है, उस्ताद. नीचे भी नरम है."

"आगे पैंतीस, पीछे चालीस," मी म्हणालो. तो मान हलवून चाकाशी बसला.

हवा उतरवताना कळलं की त्याच्या गाडीचा हवा भरायचा पंपच बंद पडला आहे. खोलून पाहिला, चालला नाही. ठरलं ते असं: दोन्ही गाड्या वाडीपर्यंत जातील, येताना डांबरीवर थांबतील आणि माझ्या पंपाने दोन्हींची हवा भरली जाईल. योजना साधी होती. दुसरी कुणालाही सुचली नसती.

बोटीने गच्चीवरची माणसं बांधापर्यंत आणली. पहिल्या खेपेत बायका आणि मुलं भंवरच्या गाडीत बसली. त्यांत सुगंधा नावाची एक बाई होती, तिशीची असेल. पाणी घरात शिरलं तेव्हा तिने डब्यांमागे हात घातला होता आणि हाताला मण्यार चावली होती. तिच्या पापण्या मिटत होत्या. तिची जाऊ तिला हलवत होती.

"डोले उघड गो सुगंधा! निजू नको गो!"

आमचा नर्सिंग असिस्टंट जॉर्ज, केरळचा. त्याने तिचा हात फळीला बांधला आणि साहेबांना हळूच सांगितलं, "सर, साँप की दवा अपनी पेटी में नहीं है. हॉस्पिटल ही चाहिए. जल्दी." सुगंधाला पुढे केबिनमध्ये घेतलं, जॉर्ज तिच्या शेजारी बसला. भंवर निघाला. मी माझी गाडी वळवून त्याच्या मागे लागलो.

त्याची गाडी डांबरीवर चढली आणि आमच्यामधला बांध फुटला. आवाज फार झाला नाही. माती बसली, पाणी आलं, आणि बघता बघता बैलगाडी मावेल एवढं भगदाड पडलं. मी ब्रेक दाबला. पलीकडे भंवर गाडीतून उतरून उभा होता. त्याचा चेहरा मला दिसत होता. एरवी हाक मारली तरी ऐकू गेली असती, पण पाण्याचा आवाज होता, म्हणून वायरलेसवर बोललो.

पंप माझ्याकडे होता. दोर टाकून पलीकडे न्यावा म्हटलं, तर तो गाडीच्या इंजिनवर चालणारा, जागचा सुटणारा नव्हता. बोट वाडीकडे परत गेली होती. पेणचा रस्ता पाण्याखाली. नागोठण्याचा बाजार पाण्याखाली, ॲम्ब्युलन्स येऊ शकत नव्हती. उघडा रस्ता एकच, भिसे खिंडीतून रोह्याला.

"हवा कितनी है?" मी विचारलं.

"आगे चौंतीस. पीछे चालीस. ओव्हर."

"सबको उतार दे. सामने हायस्कूल है, ऊँचाई पे. वजन कम कर. ओव्हर."

वजन कमी असलं तर कमी हवेवर टायर जास्त तग धरतो. मला देता येण्यासारखं तेवढंच होतं. त्याने माणसं उतरवली. जाऊ उतरायला तयार नव्हती, तिला जॉर्जने समजावलं. गाडीत तिघं उरले.

"आगे पंक्चरवाला है, उस्ताद," थोड्या वेळाने त्याचा आवाज आला. "दुकान खुला है. लाइट नहीं है."

लाइट नाही म्हणजे कॉम्प्रेसर बंद. मी शेजारी बसलेल्या कॅप्टनसाहेबांकडे पाहिलं. साहेब तरुण होते. त्यांनी सेट हातात घेतला.

"ड्रायवर, धीरे गए तो पेशंट का क्या होगा? जॉर्ज क्या बोलता है? ओव्हर."

उत्तर जॉर्जने दिलं. "सर, साँस कम हो रही है."

साहेबांनी सेट खाली केला. पुन्हा वर घेतला. "अपने हिसाब से चलाओ. आउट."

मी सेट मागितला. "भंवर, खिंड में उतराई है. मोड़ पे ब्रेक मत मारना, पहले ही गियर गिरा. सुना?"

"सुना, उस्ताद."

हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. त्यानंतर डोंगर आड आला आणि सेटवर नुसती खरखर राहिली. साहेब हाक देत राहिले. मी गाडीतून उतरून चाकाजवळ उभा राहिलो. माझे टायर, माझा पंप, सगळं जागेवर होतं. त्याचा तिथे काही उपयोग नव्हता. वाडीतला एक म्हातारा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "पोचंल ओ तो. चांगली चालवीत व्हता." मी हो म्हणालो.

पुढचं मला जॉर्जने सांगितलं. खिंड चढताना गाडी नीट होती. उतारावर भंवरने गिअर खाली घेतला, वेग आटोक्यात होता. एका वळणावर डोंगरातून आलेले दगड रस्त्यावर पसरले होते. त्याने ते चुकवायला गाडी कडेला घेतली आणि पुढचा डावा टायर रिमवरून सुटला. समोर दरी होती. त्याने स्टिअरिंग उलट, डोंगराकडे ओढलं. गाडी त्याच्याच बाजूने कातळावर आदळली. केबिनचा उजवा भाग चेपला. जॉर्जच्या खांद्याचं हाड मोडलं. सुगंधाला खरचटलं.

पाण्यामुळे एक टेम्पो खिंडीत अडकून पडला होता. पेणजवळच्या जोहे गावातल्या कारखान्याच्या गणपतीच्या मूर्ती त्यात होत्या. टेम्पोवाल्याने आणि त्याच्या जोडीदाराने मूर्ती उतरवून प्लास्टिकखाली कडेला ठेवल्या आणि सुगंधाला आत घेतलं. जॉर्ज भंवरजवळ थांबू बघत होता. भंवर चेपलेल्या केबिनमध्ये अडकला होता, पण शुद्धीवर होता. त्याने हाताने त्याला जा म्हणून खूण केली. रोह्याच्या दवाखान्यात सुगंधाला औषध मिळालं, ती वाचली. दुसरी गाडी घेऊन लोक खिंडीत परत आले तेव्हा भंवर गेलेला होता.

मी बांधाच्या त्या टोकावरच होतो. आम्हाला बोटीने काढलं तेव्हा कळलं.

चौकशी झाली. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत एका मेजरसाहेबांनी मला विचारलं, "हवालदार, उस रोड पे, उस हालत में, सही प्रेशर क्या था?"

मी प्लेटवरचे आकडे सांगितले. गाळातले सांगितले. ते म्हणाले, "वो नहीं. चौंतीस पे, बिना पंप के, पेशंट के साथ. क्या सही था?"

"साहब, मालूम नहीं."

त्यांनी ते लिहून घेतलं. दोष कुणावर आला नाही.

पार्थिवाबरोबर एस्कॉर्ट म्हणून मी गेलो. त्याच्या वडिलांना हिंदी बेताची येत होती. सगळं आटोपल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वा लुगाई?" मी म्हणालो, "वो औरत बच गई, बाबूजी." ते वळून घरातल्या बायकांना मोठ्याने काहीतरी म्हणाले. आतलं रडणं क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

आता मी रिटायर होऊन जित्याला असतो. पिकअपवाले, टेम्पोवाले हवा विचारायला येतात. सकाळी थंड टायरवर मोजा, लोड बघा, प्लेट वाचा, असं सांगतो. चिखलात उतरवली तर भरायची सोय आधी बघा, हे आवाज चढवून सांगतो. ते ऐकतात आणि जातात. कोण किती पाळतो, मला माहीत नाही.

गेल्या वर्षी एका लग्नाला रोह्याला गेलो होतो. मांडवात एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी ओळखलं नाही. तिने मनगटावरचा डाग दाखवला.

"तुमी म्हात्रे ना? मिल्ट्रीतलं? माज्या जावेनं तुमाला वलखलं. मी सुगंधा."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. मग ती म्हणाली, "एक विचारायचं हाय. गाडी चालवताना तो माज्याशी बोलत व्हता. सारखा. माजे डोले मिटायचे, तो मोठ्यानं बोलायचा. मला त्याची भाषा कलली नाय. येकच शब्द ध्यानात राहिला."

"कुठला?"

"थोडो. थोडो ई है, थोडो ई है, असं म्हणायचा. म्हंजे काय ओ?"

भंवरच्या तोंडचे मारवाडी शब्द तिच्या आगरी उच्चारात मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"थोडंच राहिलंय," मी म्हणालो.

तिने पदर डोळ्यांना लावला. आत मंगलाष्टकं सुरू झाली होती. "अजून पुष्कल व्हतं की ओ," ती म्हणाली. "खिंडपन लागली नव्हती तवा."

मग तिने त्याचं नाव विचारलं. इतकी वर्षं तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. लान्स नाईक भंवरसिंग. तिने दोनदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं.