थंड पाण्याची तबकडी

तुमच्या आत्याने रावेतला कॉफीचं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा मशीन भाड्याने घ्यायचं असं तिच्या डोक्यात होतं. त्याच सुमारास पिंपरीतल्या एका बंद पडलेल्या कंपनीचं गेस्ट हाउस मोडीत निघालं आणि तिथलं जुनं इटालियन एस्प्रेसो मशीन भंगारात चाललं होतं. ते मी उचलून आणवलं. आत्या म्हणाली, "आई, एक महिना देते. चाललं तर हेच दुकानात लावू. नाहीतर मी भाड्याच्या मशीनच्या करारावर सही करणार."

ते चालणार याबद्दल मला शंका नव्हती, कारण माणूस माझ्या ओळखीचा होता. चिंचवड गावठाणात राहणारे एक निवृत्त फिटर, त्यांना सगळे भाऊच म्हणत. आम्ही एकाच कंपनीत होतो. ते बॉयलर हाउसला, मी इम्पोर्ट सेक्शनला. बाहेरून आलेल्या मशिनांचे कागद जागच्या जागी लावून ठेवण्यात माझी सगळी नोकरी गेली.

दुकानाच्या मागच्या खोलीत काम सुरू झालं. भाऊ एकेक भाग काढत आणि मी त्याला नंबर देऊन डबीत ठेवत असे, वहीत चित्र काढत असे. बॉयलरच्या आत भाकरीएवढा जाड क्षार साचला होता. तो लिंबूसताच्या गरम पाण्यात दोन दिवस भिजवून काढला. रबरी वायसर पार दगड झाले होते. भाऊंनी चाकणला एका मोल्डिंगच्या शेडमध्ये नमुना देऊन नवे करून आणले. पितळ मी स्वतः चिंच लावून घासलं.

मशीनवर दाबाच्या दोन तबकड्या होत्या. त्यांवरची इटालियन अक्षरं पुसट झालेली. एकीवर होतं 'काल्दाया'. इटालियन मला येत नाही, पण 'कोल्ड' ओळखता येणार नाही इतकी मी अडाणी नव्हे. मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली: थंड पाणी. दुसरीवर चिठ्ठी लावली: गरम पाणी.

पहिल्या चाचणीला भाऊ म्हणाले, "म्याडम, ही थंड पान्याची सुई चढतीया, आन् गरमाची जागची हालंना. उलटं न्हाई ना झालं?"

"भाऊ, स्पष्ट लिहिलंय त्यावर. इंग्रजी मला कळतं."

"व्हय, त्ये तर हायच," म्हणत त्यांनी 'गरम'ची सुई हलावी म्हणून दाब वाढवायचा स्क्रू आणखी पिळला. दोन मिनिटांत सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. खोलीभर वाफ. कोणाला भाजलं नाही, पण आत्या धावत आली आणि भाऊंनाच म्हणाली, "काका, बॉयलरचं काम तुम्हाला जमतं म्हणून आईने बोलावलं होतं ना?"

भाऊ पान्हे पिशवीत भरून निघून गेले. मी त्यांना थांबवलं नाही. महिना संपायला चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी वहीत नोंद करायला मी एकटीच मशीनपाशी गेले. 'थंड पाणी' तबकडीच्या मागे तांब्याची बारीक नळी होती. तिच्यावर बोट ठेवून मी मागे मागे गेले. नळी थेट बॉयलरच्या डोक्यावर जाऊन पोचली. मग मोबाइलवर शब्द शोधला. काल्दाया म्हणजे बॉयलर. आणि 'काल्दो' म्हणजे गरम! दुसरी तबकडी नुसत्या पंपाची होती; पंप बंद, म्हणून ती हलली नव्हती.

मी रिक्षा केली आणि गावठाणात गेले. भाऊ ओट्यावर बसले होते. उभ्या उभ्याच सांगितलं, "चूक माझी. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुम्हाला गप्प केलं."

ते हसायला लागले. "मला वाटलं, इटलीत थंड पानीच उकळत आसंल. आपन कुठं गेलोय बघायला!" मग हसू आवरून म्हणाले, "पन ताईंना कोन सांगनार?"

"मीच. तुमच्यासमोर."

दुकानात आल्यावर मी आत्याला सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तू? आणि लेबलात चूक?" मग ती भाऊंकडे वळली. "काका, मी भलतंच बोलले तुम्हाला. माफ करा."

"ऱ्हाऊ द्या. पानी भरा आदी."

यावेळी भाऊंनी स्क्रू मुळापासून पुन्हा लावला. काल्दायाची सुई हळूहळू एकच्या आकड्यावर, म्हणजे हव्या त्या दाबावर आली, स्विचचा टक आवाज झाला आणि ती तिथेच थांबली. आत्याने खुर्ची ओढली आणि घड्याळ लावून अर्धा तास सुईसमोर बसून राहिली. सुई जरा उतरे, टक होई, पुन्हा एकवर येई. मग तिने कॉफी दाबून भरली आणि पहिला कप भाऊंना दिला.

"कडू जहर हाय," ते म्हणाले आणि कप रिकामा केला.

आत्या फोन घेऊन दारात गेली. "हो, मीच बोलतेय. नाही, सही करायला मी येत नाही. मशीन आहे आमच्याकडे."